राजनंदिनी जेवत नाही

वसमत
६ जानेवारी २०२५

प्रिय मावशी,

जय येशू.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोलले की घरमालकीणबाई भिंतीपलीकडे गप्प होतात. म्हणून लिहिते.

आमच्याकडच्या सिस्टरांची बदली झाली. आखाडा बाळापूरच्या पुढच्या गावात आपली थोडी घरं आहेत, तिथल्या लहान मुलांचं रविवारचं धर्मशिक्षण त्या घ्यायच्या. फादरांनी चर्चमधल्या मिस्सेनंतर मला विचारलं. हो म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं, नाही म्हणायलाही सापडलं नाही. आठवडाभर मी लॅबमध्ये हळदीतला ओलावा आणि कर्क्युमिन तपासते. रविवारी आता एसटीने जाऊन मुलांना सांगते की ती देवाची आहेत.

पहिला धडा तोच आहे. ‘मी देवाचा, मी देवाची.’ पुस्तिकेत चित्र आहे. गोरा मेंढपाळ, खांद्यावर पांढरं गुबगुबीत मेंढरू. रुद्र नावाचा सहा वर्षांचा मुलगा म्हणाला, हे मेंढरू आहे का गादी. सगळी हसली. त्याच्या शेजाऱ्यांकडे मेंढरं आहेत, काळी आणि किडकिडीत. नंतर राजनंदिनी नावाच्या मुलीने विचारलं की कोण कोणाचं आहे हे ओळखायचं कसं. ती सात वर्षांची आहे. आईवडील ऊसतोडीला गेलेत, ती आजीजवळ राहते. वर्ग त्या आजीच्या, भागाबाईंच्या ओसरीत भरतो. प्रश्न नेमका होता. मी पुस्तिकेचं पान उलटलं.

इथे रणजीत सर म्हणून आहेत. चर्चच्या समितीचे प्रमुख, शहरात त्यांची एजन्सी आहे. ते दर रविवारी बिस्किटं आणतात. पुडे वाटतात आणि मुलांना ते छातीशी धरून उभं करतात. फोटो मनासारखा येईपर्यंत पुडा फोडायचा नाही. काल एका मुलाच्या तोंडाला पाणी सुटलेलं फोटोत दिसत होतं, म्हणून त्यांनी तो पुन्हा काढला. मी बघत उभी होते.

तू चाळीस वर्षं लहान मुलांना शिकवलंस. हा धडा कसा घ्यायचीस ते कळव.

तुझी,
ऐश्वर्या

⁂

जालना
१४ जानेवारी

चि. ऐश्वर्या,

अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आमच्या मठातल्या सुपीरियर सिस्टर म्हणाल्या, आजकाल पत्र कोण लिहितं. मी म्हटलं, माझी भाची लिहिते, तिला मोजून बोलायची सवय आहे.

त्या रणजीतचं मनावर घेऊ नको. बिस्किटं तर देऊन राहिला ना. लेकरांच्या पोटात जातात, बस झालं.

आता धड्याचं. ते गादीवालं मेंढरू बंद करून ठेव. आपल्या लेकरांनी ते कधी पाहिलंय? त्यांनी जे पाहिलं ते दाखव. मी बोकड सांगायची. तुमच्या गावात देवाला सोडलेला बोकड असंलच. त्याच्या कानाला बारीक चीर असते, त्यावरून सगळ्यांना कळतं हा देवाचा. मंग त्याला कोणी बांधत न्हाई, कोणी काठी मारत न्हाई. कोणाच्या पण वावरात तोंड घालतो, कोणाच्या पण दारात बसतो. तो कोणा एकाचा न्हाई, म्हणून तो सगळ्यांचा लाडका. लेकरांना विचार, देवाचं असणं म्हणजे काय? ती बराबर सांगतात. माझ्या वर्गात हा धडा कधी फसला न्हाई.

तुझ्या त्या राजनंदिनीला उत्तर पण मिळंल, ओळखायचं कसं ते. आपल्याला स्नानसंस्काराची, बाप्तिस्म्याची खूण असते, ती दिसत न्हाई एवढंच.

स्वेटर घालत जा. पहाटेची एसटी गार असते.

तुझी मावशी,
सिस्टर द्वारका

⁂

वसमत
३ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझा बोकड चालला.

गावात एक आहेच. खेमाकाकांचा, म्हणजे खेमाकाकांच्या दारात वाढलेला. मुलं त्याला सुलतान म्हणतात. मी विचारलं की सुलतान कोणाचा, तर सगळी एका सुरात देवाचा म्हणाली. मग मला काही बोलावंच लागलं नाही. त्याला मारलं तर पाप लागतं. तो सरपंचांच्या ज्वारीत गेला तरी सरपंच हसतात. राजनंदिनी त्याला बाभळीच्या शेंगा नेऊन घालते, हेही कळलं. मी म्हटलं, तुम्हीही तशीच देवाची. रुद्रने लगेच विचारलं, मग आम्ही पण ज्वारीत जायचं का. बाकीची हसली.

राजनंदिनी हसली नाही. ती विचार करत होती. मुलगी गंभीर आहे, मला ती आवडते.

रणजीत सर ओसरीच्या कडेला बसून ऐकत होते. त्यांना कल्पना फार आवडली. बाहेरचे देणगीदार यंदा वह्या-दप्तरं देणार आहेत, त्यांना पाठवायला फोटो हवेत. सोळा तारखेला ते एक कार्यक्रम करणार आहेत. मुलांच्या गळ्यात पुठ्ठ्याच्या पाट्या असतील, ‘मी देवाचे कोकरू’. तू म्हणालीस मनावर घेऊ नको, म्हणून घेतलं नाही. त्यांचा आवाज मात्र मला तूप पातळ झाल्यासारखा वाटतो. कुठेही पसरतो.

एक गोष्ट तुला आवडेल. कालच्या रविवारी राजनंदिनीने बिस्किटाचा पुडा फोडला नाही. फोटो झाल्यावर तो परत रणजीत सरांच्या पिशवीत ठेवला. तिने घरीही दूध सोडल्याचं भागाबाई म्हणाल्या. ईस्टरआधीचा उपवासकाळ अजून महिन्याने आहे आणि लहान मुलांना तो लागतही नाही, तरी तिने मनाने सुरू केलेला दिसतो. मी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. म्हटलं, याला संयम म्हणतात.

लॅबमध्ये नवी हळद येऊ लागली आहे. काम वाढेल.

तुझी,
ऐश्वर्या

⁂

जालना
१० फेब्रुवारी

चि. ऐश्वर्या,

तुझं पत्र मी जेवणाच्या टेबलावर सगळ्या सिस्टरांना वाचून दाखवलं. सात वर्षांचं लेकरू आपल्या मनानं खाणं सोडतं, हे साधं न्हाई. मी साठ वर्षांत अशी दोनच पाहिली, दोघी पुढं सिस्टर झाल्या. त्या पोरीवर लक्ष ठेव. तिला टोकू नको, आग्रह करू नको. देव तिच्याशी बोलून राहिलाय, आपण मधी पडायचं न्हाई.

कार्यक्रमाचा फोटो मिळाला तर पाठव. तिच्याकरता मी रोज माळ म्हणते.

मावशी

⁂

वसमत
२४ फेब्रुवारी

मावशी,

देव तिच्याशी बोलत नव्हता. क्रमाने सांगते.

बारा तारखेला, माघ पौर्णिमेला, गावदेवीची जत्रा झाली. सुलतानला कापलं. तो त्यासाठीच सोडलेला होता. हे गावातल्या प्रत्येक मुलाला माहीत होतं, रुद्रलासुद्धा. मी परभणीच्या कॉलनीत वाढले, माझ्यापाशी गोष्ट तुझ्या पत्रात होती तेवढीच होती. जिथे तुझी संपली तिथे मीही थांबले. उरलेली मुलांकडे होती.

राजनंदिनीने ती जोडली. देवाच्याला कोणी मारत नाही. देवाच्याला सगळे खाऊ घालतात. तो भरला की नेतात. त्या धड्याच्या दिवसापासून तिने खाणं कमी केलं. आणि मी तिचं कौतुक केलं. तू म्हणालीस टोकू नको, म्हणून नंतरच्या रविवारी ती ताटावरून उठली तेव्हा मी भागाबाईंना गप्प बसवलं.

जत्रेत बोकडाला हळदकुंकू लावतात, अंगावर पाणी शिंपडतात आणि वाट बघतात. त्याने अंग झाडलं की म्हणतात, देवानं घेतला. मग कापतात. हे तिने घराच्या धाब्यावरून पाहिलं.

चार दिवसांनी आमचा कार्यक्रम. सकाळ गार होती. रणजीत सरांनी मुलांना रांगेत उभं केलं, गळ्यात पाट्या घातल्या. कार्यक्रमाला आपल्या मातीचा टच हवा म्हणून प्रत्येकाच्या कपाळाला हळद लावली. मग बाटलीतलं पवित्र पाणी कडुलिंबाच्या डहाळीने शिंपडलं. राजनंदिनी पुतळ्यासारखी ताठ होती. दात आवळलेले, मुठी आवळलेल्या. सर म्हणाले, बघा किती भक्तिभाव. मलाही तसंच वाटलं. फोटो नीट आला नाही म्हणून त्यांनी पुन्हा पाणी शिंपडलं. तेव्हा ती शहारली, आणि तिथेच मटकन खाली बसली. तिची चड्डी ओली झाली होती. सर मला म्हणाले, हिला मागच्या रांगेत घ्या, फ्रेम खराब होते.

मी तिला मागच्या रांगेत घेतलं. हेही लिहिते.

बुधवारी भागाबाई वसमतला आल्या. लॅबच्या दारात उभ्या, आत यायला तयार नाहीत. राजनंदिनी कडेवर होती. सात वर्षांची मुलगी कडेवर मावत होती. भागाबाई भांडल्या नाहीत. मला वाटतं भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या:

“बाई, लेकरू म्हणतंय, म्या लई येळ अंग आवळून धरलं व्हतं, पर शेवटी हाललंच.”

मला किळस येते, मावशी. हा शब्द मी विचार करून लिहिला आहे. खेमाकाकांची नाही. ते करतात ते दिवसाढवळ्या करतात, आणि सुलतानला नेताना ते रडत होते असं भागाबाई सांगतात. किळस आमची येते. गोड आवाजाची, पाट्यांची, त्या डहाळीची, माझ्या ‘संयम’ या शब्दाची. हात धुतले तरी तो वास जात नाही असं वाटतं, आणि मी रोज आठ तास हातमोजे घालून काम करणारी आहे.

एकच विचारते. तुला शेवट माहीत होता का?

ऐश्वर्या

⁂

जालना
२ मार्च

ऐश्वर्या,

माहीत होता. जत्रेचा वाटा आमच्या घरी पण यायचा. मी लपवून ठेवलं असं न्हाई. मला वाटायचं, लहान लेकरांना निम्मी गोष्ट पुरते.

तुझं पत्र मी टेबलावर वाचलं न्हाई. सिस्टर विचारून राहिल्या, त्या पोरीचं काय झालं. मी म्हटलं, बरी आहे. आता तेवढ्याकरता पण मला पापनिवेदनाला जावं लागंल.

पण तू लिहितेस तेवढ्यावर मी थांबत न्हाई, राग आला तरी ऐक. आपण दर मिस्सेत प्रभू येशूला कोकरू म्हणतो. ते कोकरू गादीवालं नव्हतं. त्याला पण लोकांनी हिंडू दिलं, खाऊ घातलं, त्याच्या पुढं फांद्या हलवल्या आणि मंग क्रुसावर नेलं. तुला किळस आली म्हणतेस. तिथं उभं राहिलेल्या कोणाला तरी आलीच असंल. ती आली न्हाई तर आपला धर्म नुसता बिस्किटाचा पुडा आहे. मी चाळीस वर्षं लेकरांना किळस येऊ नये म्हणून गोष्ट गोड केली. रणजीतनं तीच अजून थोडी गोड केली.

त्या लेकराला जाऊन पुरं सांग. सांग की ज्याला न्यायचं होतं त्याला एकदा नेलं. तो आपल्या पायानं गेला. आता दुसरं कोणी लागत न्हाई. हे सांगितल्यावर ती काय म्हणते ते मला लिही. गोड करून लिहू नको.

मावशी

⁂

वसमत
७ एप्रिल

प्रिय मावशी,

उशीर झाला. काय होतं ते बघून लिहायचं होतं.

नऊ मार्चला मी वर्ग न घेता भागाबाईंकडे गेले. राजनंदिनी चुलीजवळ बसली होती, माझ्याकडे पाठ करून. येशूला नेल्याचं तू लिहिलं होतंस ते मी सांगितलं, जसंच्या तसं. तिने चुलीतलं लाकूड आत सारलं. मग विचारलं, तुम्ही देवाच्या का. मी हो म्हटलं. ती उठली आणि माझे केस बाजूला करून कान बघू लागली. कर्णफुलाचं भोक सापडलं तशी ती दोन पावलं मागे सरकली. भागाबाईंना हसू आवरेना. शेवटी त्यांनी स्वतःचा कान दाखवला, मग तिचा तिलाच आरशात दाखवला, तेव्हा ती परत जवळ आली.

मग तिने विचारलं, “त्याला कोणी सोडवलं काहून न्हाई?”

मी म्हटलं, जे त्याच्याबरोबर होते ते घाबरून पळाले. ती म्हणाली, सगळे? मी म्हटलं, काही बायका थांबल्या होत्या. लांब उभ्या होत्या. ती म्हणाली, “लांब काहून?”

मावशी, पाटीवाल्या कार्यक्रमात मी दहा फुटांवर होते.

त्या दिवशी तिने चतकोर भाकरी खाल्ली. पुढचे तीन रविवार मी वर्गात पुस्तिका उघडली नाही. रणजीत सर म्हणाले, अभ्यासक्रम मागे पडतोय. मी म्हटलं, पडू द्या. त्यांनी फादरांकडे माझी तक्रार केली, आणि ती खरी होती.

काल फादर आले. ईस्टरनंतरच्या रविवारी मुलांना पहिला ख्रिस्तप्रसाद द्यायचा आहे, त्याआधी ते प्रत्येकाला दोन-तीन प्रश्न विचारतात. ओसरीत सगळी घरं जमली होती. मुलं एकेक पुढे गेली. तू कोणाचा, मी देवाचा. तू कोणाची, मी देवाची. राजनंदिनीची पाळी आली. ती म्हणाली, “आज्जीची.”

मागून रणजीत सर कुजबुजले, देवाची म्हण. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा म्हणाली, आज्जीची. सर फादरांना हसून म्हणाले की मुलगी जरा मंद आहे, आणि शिकवणारीही नवीन आहे.

तू मला ओळखतेस. चार माणसांत मी पाणीसुद्धा मागत नाही. मी उठून उभी राहिले आणि सगळं सांगितलं. बोकड, दूध, हळद, पाणी. सांगताना आवाज सपाट ठेवला, नाहीतर पुढे बोलता आलं नसतं. बोकडाची गोष्ट मी सांगितली होती, हे दोनदा सांगितलं. मुलगी मंद नाही, मिळालेल्या माहितीवरून तिने बरोबर निष्कर्ष काढला, माहिती अर्धी होती, असं म्हटलं. फक्त रुद्र म्हणाला की त्याला पण भ्या वाटत होतं, पण त्याने बिस्किटं खाल्ली. त्याच्या आईने त्याला जवळ ओढून घेतलं.

रणजीत सर म्हणू लागले की त्यांचा हेतू… फादरांनी हात वर करून त्यांना थांबवलं. फादर खुर्चीवरून उतरून राजनंदिनीसमोर खाली बसले. तिने त्यांचेही कान पाहिले. भोक नव्हतं. मग तिने विचारलं की तुम्ही देवाचे का. ते व्हय म्हणाले.

“मंग तुमाला नेलं काहून न्हाई?”

फादरांनी स्वतःचा कान चाचपला. मग म्हणाले, “पोरी, देवाला कोणाला न्यायचं नसतं. नेणारी माणसं असतात.”

त्यावर भागाबाई बोलल्या. फादरांपुढे त्या कालपर्यंत डोक्यावरचा पदर सावरण्यापलीकडे काही करत नसत. त्या म्हणाल्या, मी देवाची हाय, माझा नवरा देवाचा व्हता, पण ह्या लेकराला आता कोणी काही करायला लावायचं न्हाई. हे आधी माझं हाय. तिला म्हणायचं असंल तवा ती म्हणंल, तवर मी म्हणते तिच्या वाट्याचं.

फादरांनी मान हलवली. यंदा बाकीच्या मुलांचा ख्रिस्तप्रसाद होईल, राजनंदिनीचा नाही. पुढच्या वर्षीही तिला कोणी विचारणार नाही, तिने विचारलं तर बघायचं. पाट्या आणि फोटो त्यांनी बंद करायला सांगितले. रणजीत सर न जेवता गेले. जाताना मला म्हणाले की तुमच्यामुळे मुलांची दप्तरं गेली. कदाचित गेली असतील. रुद्रचं दप्तर फाटकं आहे हे मला दिसतं.

किळस गेलेली नाही. तू म्हणतेस ती राहिली पाहिजे. असेल. मी ती घेऊनच दर रविवारी जाणार आहे, दुसरं काही माझ्याजवळ नाही.

तू विचारलं होतंस ती काय म्हणते. काल ती आणखी काही म्हणाली नाही. सगळ्यांसाठी पिठलं-भाकरी होती. भागाबाईंनी तिचं ताट वाढलं आणि त्या चुलीकडे गेल्या. ओसरीतली सगळी माणसं आपापली जेवत होती आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून तिच्याकडे बघत होती, खाते का, किती खाते. मी माझं ताट उचललं आणि तिच्या आणि त्यांच्या मधे, लोकांकडे तोंड करून बसले. माझ्या पाठीमागे बराच वेळ आवाज नव्हता. मग भाकरी मोडल्याचा आला. मी वळून पाहिलं नाही.

तुझी,
ऐश्वर्या